डोंगरातलं बिनपाटीचं हॉटेल

संसाराला चोवीस वर्षं झाल्यावर उषाबाईंनी नवऱ्याकडं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ते लुगडं नव्हतं आणि सोन्याचा डागही नव्हता. त्या म्हणाल्या, "मला एकदा आयतं ताट पाह्यजे."

मागणी झाली ती दुपारच्या जेवणानंतर. घरातले सगळे जेवून उठले होते. भाकरी गार पडली होती, कालवणाच्या पातेल्यात पळी तळाला लागत होती. उषाबाईंनी पहिला घास उचलला आणि बाहेरच्या खोलीतून राधाकिसनरावांनी "पाणी गं" म्हणून हाक दिली. उषाबाई पाणी घेऊन आल्या, तांब्या ठेवला आणि तिथंच उभ्या राहून बोलल्या.

"आयतं म्हंजी?" राधाकिसनरावांनी विचारलं.

"आयतं म्हंजी आयतं. मी बसणार, दुसरं कुणीतरी वाढणार. भाकरी तव्यावरून ताटात. आन् जेवण होईस्तोवर मी जाग्यावरून उठणार न्हाई. बस, येवढंच."

राधाकिसनरावांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत नव्हती. जालन्याच्या एका सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते. लोकांच्या मागण्या हाताळण्यात त्यांचा हातखंडा होता. कुठली मागणी अवाजवी म्हणून परत पाठवायची आणि कुठली निधीअभावी दाबून ठेवायची, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण ह्या मागणीत त्रुटी काढायला बोट शिरत नव्हतं. पाणी न पिताच त्यांनी तांब्या बाजूला सारला आणि म्हणाले, "मंजूर."

मंजुरी देणं सोपं असतं. अंमलबजावणीत माणूस उघडा पडतो.

गावातली हॉटेलं त्यांनी मनातल्या मनात तपासली. स्टँडजवळच्या हॉटेलात भाजीवर लाल तेलाचा तवंग असायचा आणि त्यात वरचा पंखा दिसायचा. दुसऱ्या एका ठिकाणी फॅमिली रूम होती, पण तिच्या पडद्याला खालून हातभर कमी होतं, आणि कचेरीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याला चपलेवरून ओळखायचा. शेवटी ते तातेरावाकडं गेले.

तातेराव कचेरीत टंकलेखक होता. टायपिंगच्या चुका तो दर ओळीला एक अशा इमानानं करायचा. पण कुठल्या गावात काय खावं, ह्या एका विषयात त्याचा शब्द जिल्हाभर शेवटचा होता. जालन्याचा जिल्हा होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. तेवढ्यात साहेबलोकांनी जिल्हा नकाशावरून पाहिला होता आणि तातेरावानं जिभेवरून.

"धावडा," तातेराव आवाज खाली आणून म्हणाला. "भोकरदनच्या पुढं. गावात न्हाई, गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला वस्ती हाय तिथं. सगुणाबाई म्हणून बाई हाय. पाटी न्हाई, नाव न्हाई, बाहेरून बघाल तर घरच. बाजाराच्या दिवशी फकस्त चालू. वांग्याचं भरीत, येसराची आमटी, बाजरीची भाकरी. चौथी चीज मागितली का उठवून देती."

"पत्ता?"

"पत्ता असता तर येव्हाना बिघडलं नसतं का ते, राधाकिसनराव? आन् एक ध्यानात ठेवा. गिऱ्हाईक म्हणून बसायचं, गिऱ्हाईक म्हणून उठायचं. गावबिव, सोयरेधायरे सांगत बसायचं न्हाई."

ह्या शेवटच्या वाक्याचं कारण राधाकिसनरावांनी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच, भाकरी खाऊन, संपली असती.

बाजाराचा दिवस कामाचा होता, म्हणून किरकोळ रजा काढणं आलं. राधाकिसनरावांच्या आजवरच्या सगळ्या रजा कुणाच्या ना कुणाच्या दहाव्या-तेराव्याला गेलेल्या. तेवढे नातेवाईक आता शिल्लकही नव्हते. माणूस सरळ, म्हणून त्यांनी कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं: "पत्नीस जेवावयास नेणे." अर्ज कार्यालय अधीक्षक अप्पाराव यांच्याकडून लाल शाईत परत आला. "पत्नीस घरी जेवण मिळत नाही काय? खुलासा करावा."

राधाकिसनरावांनी खाली खुलासा केला. "मिळते. परंतु सर्वांत शेवटी."

अर्ज अप्पारावांच्या टेबलावर दुपारभर पडून राहिला. संध्याकाळी तो सही होऊन आला. शाई निळी होती, शेरा कसलाच नव्हता.

इकडं ते राहायचे त्या मस्तगडात ही बातमी गल्लीभर झाली होती. मस्तगडात सल्ला फुकट मिळतो, पण तो घेतल्याची पोच द्यावी लागते. समोरचे काकासाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. ते ओट्यावरूनच म्हणाले, "डोंगरात जेवायला जाऊन राह्यलात? मंग सोबत डबा असू द्या. सरकारी अनुभव सांगतो, जिथं जेवण मिळणार असं पक्कं सांगत्यात तिथंच उपाशी राहायची पाळी येती." बायकांनी उषाबाईंना वेगवेगळं गाठून तेच सांगितलं. परिणामी, आयतं ताट जेवायला जाण्यासाठी उषाबाई पहाटे चारला उठल्या आणि त्यांनी वीस दशम्या, चटणी आणि सुकी भाजी केली.

"अगं, आपण जेवायलाच चाललो ना?" राधाकिसनराव कळवळून म्हणाले.

"म्हणूनच. पोचलो न्हाई तर?"

गाडी शेजारच्या कडूबाची होती. कडूबानं डिझेलचा खर्च आणि पोटभर जेवण एवढ्यावर आपली कमांडर जीप द्यायचं कबूल केलं होतं. फक्त रिकामी गाडी चालवायची त्याच्या हाताला सवय नव्हती. राजूरपर्यंत त्यानं अकरा जण भरले, आणि भोकरदनच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. उषाबाईंच्या मांडीवर एका म्हातारीची पाटी आली आणि पाटीत दोन कोंबड्या होत्या. दशम्यांचा डबा राधाकिसनरावांच्या मांडीवर होता, आणि धावडा येईपर्यंत सहप्रवाशांनी तो रिकामा केला. उषाबाईंनीच तो पुढं केला होता. "लेकरं भुकेजलीत," त्या म्हणाल्या. त्यातलं सगळ्यांत धाकटं लेकरू पन्नाशीचं होतं आणि बैल विकायला चाललं होतं.

धावड्याला गाडी रिकामी झाली. मग सगुणाबाईचं हॉटेल विचारायला सुरुवात झाली.

"हाटेल? हितं हाटेल न्हाई," पहिला म्हणाला.

"सगुणाबाई? कोणती सगुणाबाई?" दुसरा म्हणाला, आणि तो स्वतः जेवणानंतरची लवंग चघळत होता.

तिसऱ्यानं त्यांना उलट्या दिशेला पाठवलं. तिकडून परत येईपर्यंत जीपला कढ आला, आणि कडूबानं दगडावर बसून तिला पाणी पाजलं. गावाच्या तोंडाला पुरेल एवढंच शिजतं आणि परगावची माणसं आली की ते कमी पडतं, हा त्या गावाचा साधा हिशेब होता. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं म्हणता येणार नाही. शेवटी कडूबानंच युक्ती काढली. "विचारू नका आता. ढेकर बघा." चढावरून समोर तीन माणसं टोपी मागं सारून, करगोटा सैल करत, सावकाश उतरत होती. ती जिकडून आली त्या वाटेला त्यानं जीप घातली.

वर वस्तीला एक पत्र्याचं घर होतं. पुढं पडवी, पडवीत पोत्यांवर बसलेली पंधरा-वीस गडीमाणसं, आणि आतून भाजलेल्या वांग्याचा असा वास, की राधाकिसनरावांचा थकवा अर्धा तिथंच गेला. दाराशी कमरेवर हात ठेवून एक थोराड बाई उभी होती. तीच सगुणाबाई.

"दोन गडी बसा तिकडं," ती म्हणाली. मग तिची नजर उषाबाईंवर गेली. "बाईमाणसाची पंगत न्हाई बसत हितं, पाव्हणं. सगळे बाजारकरी गडी. बाईंला बांधून देते, त्या लिंबाखाली बसून खातील."

चोवीस वर्षांनी निघालेली मागणी, लाल शाईतून सुटलेली रजा, कोंबड्यांसकट पार केलेला रस्ता, आणि शेवटी लिंबाखाली पुडकं! राधाकिसनरावांचा स्वाभिमान दुखावला, आणि दुखावलेला स्वाभिमान नको ते बोलतो.

"आमच्या ह्या म्हंजी कुणी आल्यागेल्या न्हाईत," ते ताठ होऊन म्हणाले. "पिंपळगावची लेक हाय ही. रखमाजी पाटलांची सख्खी पुतणी!"

सगुणाबाईचे हात कमरेवरून गळून पडले. "कोण रखमाजी? वरल्या आळीचे?"

"हो," उषाबाई म्हणाल्या. "चुलते माझे."

"अगं माय! माझी मावशी दिली की रखमाजीला! मंग तू बहीण झालीस का न्हाई माझी? आन् दारात उभी राहून राह्यली!" सगुणाबाईनं उषाबाईंच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं. जाताना मागं वळून ती ओरडली, "अहो ऐकलं का? दाजी आलेत, दाजी!"

एका वाक्यात राधाकिसनरावांचं गिऱ्हाईकपण गेलं.

सगुणाबाईचा नवरा कारभारी गल्ल्याच्या डब्यावरून उठून पळत आला. मोठा अदबीचा माणूस. त्यानं पाय धुवायला पाणी दिलं, पोत्यावरून उठवून राधाकिसनरावांना गादीवर बसवलं, आणि पेटीतून कोरा टॉवेल आणि कडक टोपी काढून त्यांचा आहेर केला. टोपी जरा मोठी होती आणि कानांवर टेकत होती.

"आता जेवूनच घ्यावं म्हणतो," राधाकिसनराव म्हणाले.

"जेवाल की. पण दाजी पहिल्यांदा दारात आलेत, त्यांला भरीत-भाकरीवर काढून दिलं तर पिंपळगावात तोंड दाखवता येईल का मला? पुरण टाकायला सांगितलंय. डाळ आत्ताच चुलीवर गेली."

"अहो, मी भरीतासाठीच..."

"तुमी मोठेपणानं म्हणता. बसा."

कडूबा मात्र कुणाचाच सोयरा नव्हता. तो पोत्यावर बसला होता, आणि त्याच्यापुढं रीतसर भरीत आलं, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी आली, हिरव्या मिरचीचा ठेचा आला. पापुद्रा फुगलेल्या भाकरीवर वाढपी गड्यानं तेलाची धार सोडली. कडूबा भाकरी कुस्करायचा, आमटीची वाटी उपडी करायचा आणि डोळे मिटायचा. राधाकिसनराव गादीवर लोडाला टेकून हे बघत होते. सन्मानानं माणसाचं पोट भरत नाही, हे त्यांना कळत होतं. पण टोपी घातलेल्या माणसाला ते बोलून दाखवता येत नाही.

"राधाकिसनराव," चौथ्या भाकरीला कडूबा म्हणाला, "पहिल्या दोन भाकरी ठीक होत्या. पण ह्या नंतरच्या! काय हात हाय बाईचा! एकदम आपल्या घरच्यासारखी."

राधाकिसनरावांनी कान टवकारले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दोन लांब थापा, एक आखूड, मग पीठ झटकायची एक टिचकी, आणि भाकरी तव्यावर पडताना बांगड्यांचा किणकिणाट. हा आवाज ते चोवीस वर्षं रोज पेपर वाचताना ऐकत आले होते. त्याच्यात चूक व्हायची शक्यताच नव्हती.

ते उठले आणि टोपीसकट आत गेले.

उषाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पिठात, शेजारी दुरडीत भाकरीची चळत. सगुणाबाई एकीकडं पुरण घाटत होती, एकीकडं आमटीला फोडणी देत होती.

"हे काय?" राधाकिसनराव म्हणाले.

"ओरडू नका. हिची सून बाळंतपणाला गेली माहेरी. एकट्या बाईला येवढी पंगत होती का? मी नुसती बघत कशी बसू?"

"मी हजारदा म्हणलं, बस म्हणून," सगुणाबाई म्हणाली. "पण बहीणच ती. ऐकती का?"

"तू जेवलीस?"

"माझं काय. जेवीन मागून."

आता हा 'मागून' शब्द उषाबाईंनी आयुष्यात किती वेळा उच्चारला होता त्याची नोंद कुठंच नव्हती. पण राधाकिसनरावांना तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

"मागून न्हाई," ते म्हणाले. "आत्ता. सगुणाबाई, तुम्ही बहीण असाल, मी दाजी असेन, सगळं बराबर हाय. पण ही हितं जेवायला आली. चोवीस वर्षांत येवढंच मागितलं हिनं. कुणीतरी वाढावं, गरम वाढावं आन् हिला उठावं लागू नये. त्याच्यासाठी मी रजा काढली. खुलासा लिहून दिला! मला पुरण नको, काही नको. हिला आधी ताट वाढा."  आणि त्यांनी कानांवर आलेली टोपी वर सारली.

सगुणाबाईनं घाटणं थांबवलं. तिनं उषाबाईंकडं पाहिलं. उषाबाई परातीकडं बघत होत्या.

"आन् बाहेर?" सगुणाबाई हळूच म्हणाली. "आत मी भाकरी थापीन, पण बाहेर वीस माणूस बसलंय. वाढप्या गडी एकटा हाय. त्याला आत पाणी-सरपण बघावं लागंल मंग. बाहेर वाढील कोण?"

"मी," वरिष्ठ लिपिक म्हणाले.

कारभाऱ्यानं दारातच कपाळाला हात लावला. "दाजी, गाव काय म्हणंल! सोयऱ्याला कामाला लावलं म्हणंल!" पण राधाकिसनरावांनी आमटीची बादली उचलली होती. खांद्यावर आहेराचा टॉवेल, डोक्यावर आहेराची टोपी, हातात बादली. त्या वेषात त्यांना दाजी म्हणून ओळखायला बाजारकऱ्यांकडं काहीच पुरावा नव्हता.

"ए गड्या, इकडं आमटी!"

"भाकरी कुठं राह्यली रे?"

राधाकिसनराव वाढू लागले. पहिली पळी एकाच्या ताटात पडली, दुसरी त्याच्या धोतरावर. "नवा गडी हाय," कुणीतरी समजुतीनं म्हणालं. "मन लावून करतो, पण हात सुस्त हाय." वाकून वाकून त्यांची कंबर धरली. एकाला वाढून पुढं सरकावं तोवर मागचा हाक मारायचा, आणि स्वतःच्या पोटात कावळे कोकलत असताना दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करावी लागायची. "आणखी घ्या" हे शब्द रिकाम्या पोटी किती जड जातात हे त्यांना कळलं. हे काम कुणी रोज, दोन वेळा, चोवीस वर्षं करतं, ह्या आकड्याशी ते बादली घेऊन क्षणभर थबकले. तेवढ्यात कडूबानं ताट पुढं केलं. "राधाकिसनराव, जरा भरीत. आन् वरचं नका वाढू, खालचं."

"तुझं पोट हाय का पोतं?" राधाकिसनराव दात खाऊन म्हणाले, आणि भरिताचं पातेलं आणून खालचं भरीत वाढलं.

आत पाट मांडला गेला. उषाबाईंनी हात धुतले आणि त्या बसल्या. ताट आलं. भरीत, आमटी, ठेचा, कांदा, आणि सगुणाबाईनं तव्यावरून सरळ ताटात टाकलेली, वाफ सोडणारी भाकरी. पण एक बाई नुसती बसून जेवणार आहे ही खबर पडवीत पोचली होती. दारात कारभारी, त्याच्या मागं वाढप्या, त्याच्या मागं टाचा उंच करून पाच-सहा बाजारकरी आणि बादली घेतलेले राधाकिसनराव, अशी गर्दी झाली. उषाबाईंचा हात ताटावरच थांबला.

"व्हा की बाहेर सगळे," त्या म्हणाल्या. "तुमीपण."

सगळे मागं सरले. राधाकिसनराव बाहेर पडवीच्या कडेला बसले. आतून काही ऐकू येईना. भांड्याचा आवाज नाही, हाक नाही. पंगत उठली, हात धुतले गेले, बाजारकरी चढ उतरू लागले, तरी आत शांतता. मग उषाबाईंचा आवाज आला.

"ही भाकरी कुणी केली?"

"मी," सगुणाबाई म्हणाली. "का गं?"

"कडंला कच्ची हाय. आन् आमटीला मीठ कमी पडलंय. दुसरी भाकरी टाक, नीट भाजून."

बाहेर राधाकिसनरावांच्या हातातली पळी बादलीत पडली. पंधरा गावं जिच्या भाकरीसाठी डोंगर चढतात, जी चौथी चीज मागणाऱ्याला उठवून देते, तिला असं! आता बहीणपण तुटणार, पिंपळगावला निरोप जाणार, आणि कदाचित उपाशीपोटीच घाट उतरावा लागणार. त्यांना दुसरीही एक गोष्ट जाणवली. घरात आजवर नावं ठेवायचं काम फक्त ते करत होते. ज्यानं रांधलं त्याला ते करता येत नाही. उषाबाईंना ही चैन कधी मिळालीच नव्हती.

आत सगुणाबाईनं त्या भाकरीची कड मोडून पाहिली. आणि मग सगुणाबाई एवढ्या मोठ्यानं हसली, की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"ऐकलं का अहो?" ती कारभाऱ्याला ओरडली. "बहीण म्हणून आणली, आन् ही निघाली गिऱ्हाईक! हिनं खोट काढली माझ्या भाकरीत! घ्या, दाजीकडून पैशे घ्या. बराबर घ्या, एक पैसा सोडू नका!" आणि तिनं दुसरी भाकरी टाकली, नीट भाजून.

कारभारी संकोचला. पण राधाकिसनरावांनी खिशात हात घातला होता. त्यांनी पैसे दिले, सुट्टे परत घेतले नाहीत. आयुष्यात इतक्या खुशीनं त्यांनी काहीच चुकतं केलं नव्हतं. मग कारभाऱ्यानं त्यांच्यापुढं आता शिजून तयार झालेलं पुरण ठेवलं. ते त्यांनी भुकेपोटी गरम-गरमच खाल्लं, आणि जीभ पोळली तरी तक्रार केली नाही. तो अधिकार आज त्यांचा नव्हता.

दुसरी भाकरी संपल्यावर उषाबाई उठल्या. सवयीनं त्यांनी खाली वाकून ताट उचललं, वाटी त्यात ठेवली, आणि दोन पावलं मोरीकडं गेल्या. मग त्या थांबल्या. ताट हातात तसंच धरून त्यांनी दाराकडं पाहिलं. तिथं टोपी कानावर आलेले राधाकिसनराव उभे होते.

उषाबाई दोन पावलं मागं आल्या. ताट होतं तिथं, पाटापुढं, नीट खाली ठेवलं, आणि हात धुवायला बाहेर गेल्या.